विकतचा किरण आणि घरचें कवच

गेल्या विज्ञान-प्रदर्शनाच्या दिवशीं एका पालकांनीं आम्हांस बाजूस घेऊन मोठ्या सौजन्यानें एक प्रश्न विचारला. मेजावर त्यांच्या मुलानें व त्याच्या दोन सोबत्यांनीं केलेली करड्या रंगाची एक नळी ठेविली होती. नळीच्या एका तोंडास पारदर्शक चकती, दुसऱ्या तोंडास आट्यांचें झांकण, आणि आंत लेझरच्या दोन लहान दांड्या. नळी पाण्यानें भरलेल्या टबांत बुडवून मुलें तळाच्या शंखावर दोन तांबडे ठिपके पाडून दाखवीत होतीं. पालक म्हणाले, “सर, पाण्यांत चालणारा दिवा दुकानांत तयार मिळतो. मग ह्या पोरांचे पांच रविवार पाइपाला लुकण लावण्यांत कां घालविलेत? तेवढ्या वेळांत दोन धडे तरी पाठ झाले असते.”

प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. आणि काळजीच्या प्रश्नास टाळाटाळीचें उत्तर देणें शिक्षकास शोभत नाहीं. त्या दिवशींच्या गर्दींत आमच्यानें नीट बोलवलें नाहीं. म्हणून आमचें मत आज येथें सविस्तर मांडीत आहों. थोडक्यांत तें असें कीं, किरण खुशाल विकत घ्यावा, परंतु त्यास पाण्यांत नेणारें कवच मुलांनीं आपल्या हातांनींच करावें. आणि शाळेनें त्या कामास अभ्यासाबाहेरची करमणूक न समजतां अभ्यासच समजावें.

प्रथम ही नळी कशासाठीं केली, हें सांगितलें पाहिजे. डहाणूच्या दक्षिणेस वाढवणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीस गेलें, म्हणजे समुद्र मागें सरून खडकाचें विस्तीर्ण अंगण उघडें पडतें. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ही मोठी ओहोटी आपल्याकडे सकाळीं व सायंकाळीं येते, हें कोळीवाड्यांतील लहान पोरासहि ठाऊक आहे. खडकांच्या खळग्यांत पाणी अडून राहतें. त्यांत खेकडे, शंख, कालवें, लहान मासे आणि बोट लागतांच मिटणारीं समुद्रफुलें दिसतात. ह्या जीवांची वहींत नोंद करावयाची म्हटली, तर पहिली अडचण मापाची येते. पट्टी पाण्यांत घातली, कीं खेकडा कपारींत शिरतो, समुद्रफूल मिटतें, व गाळ उठून तळ दिसेनासा होतो. नुसता फोटो काढावा, तर त्यांत मापाची खूण नसते. वीतभर खेकडा व बोटभर खेकडा चित्रांत सारखेच दिसूं शकतात.

ह्यावर समुद्रजीवांच्या अभ्यासकांनीं योजिलेली युक्ति सोपी आहे. परस्परांस समांतर असे दोन लेझर-किरण ठराविक अंतरावर बसवावयाचे. किरण समांतर असल्यामुळें वस्तु हातभर दूर असो वा चार हात, तिच्यावर पडणाऱ्या दोन ठिपक्यांतील अंतर तेंच राहतें. ठिपके फोटोंत आले, म्हणजे चित्रांतच मोजपट्टी आली. व्हेल शार्क हा जगांतील सर्वांत मोठा मासा. तो सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत येतो, व २००१ सालापासून आपल्या देशांत कायद्यानें संरक्षित आहे. परदेशांतील पाणबुडे अभ्यासक त्याची लांबी त्यास हात न लावतां ह्याच रीतीनें मोजतात. आमच्या मुलांनीं ती रीत खळग्यांतील खेकड्यांस लाविली, व किरणांतील अंतर ५ सेंटीमीटर ठेविलें. ह्यांत एक पथ्य मात्र आहे. खेकड्याची पाठ किरणांस काटकोनांत असली पाहिजे. ती ३० अंशांनीं कललेली असली, तर तिच्यावरील ठिपक्यांतील अंतर ५ ऐवजीं सुमारें ५.८ सेंटीमीटर भरतें, आणि माप चुकतें.

कोणी म्हणेल, हें संशोधकांचें काम, शाळेच्या पोरांचें नव्हे. परंतु संशोधकांचीं साधनें आरंभीं कशीं होतीं, हें पाहिलें म्हणजे ही भीड चेपते. फ्रान्समध्यें लुई बुतां ह्यानें १८९३ सालीं पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां तसा कॅमेरा कोणत्याहि दुकानांत नव्हता. पाणी न शिरणारी पेटी सिद्ध करण्याच्या कामीं त्यास त्याच्या भावाचें साह्य झालें. आपले चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ सालीं जहाजानें विलायतेहून परत येत असतां भूमध्य समुद्राची निळाई पाहून विचारांत पडले. ही निळाई म्हणजे केवळ आकाशाचें प्रतिबिंब आहे काय, हें तपासण्यास त्यांजपाशीं खिशांत मावेल असा एक निकोल लोलक होता. डेकवर उभे राहून त्यांनीं त्याच लोलकांतून समुद्र पाहिला, व पाण्याचे कणच प्रकाश विखुरतात ह्या निष्कर्षास येऊन आपलें टिपण ‘नेचर’ ह्या नियतकालिकाकडे पाठविलें. प्रकाशाच्या विखुरण्यावरील पुढील कामाबद्दल त्यांस १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. रामन सर्वांसच होतां येत नाहीं. पण हातांतील लहान साधनाचा मोठा उपयोग करणें सर्वांस शिकतां येतें.

आतां कवचाकडे वळूं. नळासाठीं मिळणारा ७५ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप वीतभर घेतला, कीं कवचाचें अंग झालें. पाण्यांत दर १० मीटर खोलीस प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारें १ किलोग्रॅम दाब वाढतो. ह्या पाइपाचें तोंड आंतून सुमारें ३८ चौरस सेंटीमीटर आहे. म्हणजे १ मीटर खोलीवर खिडकीवर सुमारें ४ किलोग्रॅम भार पडतो. आमचे खळगे ह्याहून उथळ. पांच मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची चकती हा भार सहज सोसते. ती बसविण्याची रीत मात्र विचारपूर्वक ठरविली पाहिजे. चकती पाइपाच्या पोटांत खोंचून बसविली, तर दाब वाढतांच ती आंत सरकूं पाहते, व सारा भार लुकणावर येतो. तीच पाइपाच्या कडेवर बाहेरून बसविली, तर पाणी जितकें दाबतें तितकी ती कडेवर घट्ट बसते. अशा रीतीनें ज्याच्या विरुद्ध कवच केलें, त्याचेंच बळ कवचाच्या कामीं येतें. आमच्या मतें ह्या एका गोष्टींत दाबाच्या धड्याचें सारें सार आहे. आणि ती ज्यानें स्वतः करून पाहिली, त्यास तो धडा घोकावा लागत नाहीं.

दोन किरणांस दोन वेगळ्या खिडक्या न ठेवतां एकच कां ठेविली, ह्यासहि कारण आहे. सपाट खिडकींतून किरण सरळ काटकोनांत गेला, तर तो वळत नाहीं. परंतु खिडकी थोडी जरी कलली, तरी पाण्यांत शिरतांना तो वळतो. कलणें २ अंशांचें असेल, तर किरण सुमारें अर्ध्या अंशानें वळतो, व १ मीटरवर ठिपका सुमारें ९ मिलिमीटर सरकतो. खिडक्या दोन असून एक उजवीकडे व दुसरी डावीकडे कलली, तर ५ सेंटीमीटरचें अंतर १ मीटरवर जवळजवळ ६.७ होईल, आणि साऱ्या वहींतील मापें खोटीं ठरतील. खिडकी एकच व सपाट असली, तर दोन्ही किरण सारखेच वळतात, व त्यांचें समांतरपण अबाधित राहतें. ह्याकरितां मुलांनीं लाकडाच्या एका ठोकळ्यास ५ सेंटीमीटर अंतरावर दोन भोंकें पाडून त्यांत दांड्या बसविल्या. पुष्कळ दांड्यांचा किरण दांडीच्या अगदीं सरळ रेषेंत निघत नाहीं. म्हणून कागदाच्या पट्ट्यांचीं पाचरें घालून व दांडी थोडथोडी फिरवून, १ मीटरवर आणि ५ मीटरवर ठिपक्यांतील अंतर सारखें येईपर्यंत त्यांनीं ती जुळविली. पांच रविवारांपैकीं दीड रविवार ह्या एका कामीं खर्चीं पडला, हें आम्ही कबूल करतों.

दिवा लावण्याविझविण्याची सोय करावयाची, तर कवचास भोंक पाडावें लागेल, आणि प्रत्येक भोंक म्हणजे पाण्यास दिलेलें आमंत्रण. तें टाळण्यास लोहचुंबक उपयोगी पडला. दार उघडतांच वाजणाऱ्या घंटेंत कांचेच्या बारीक नळींत बसविलेली एक कळ असते. तिला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळ आला, कीं तींतील दोन पत्र्या एकमेकींस चिकटतात व वीज वाहूं लागते. दांडीचें बटण कायमचें दाबून बांधावयाचें, सेल व झांकण ह्यांमध्यें प्लास्टिकचा तुकडा ठेवून प्रवाह तोडावयाचा, व तुटलेलीं दोन्ही टोकें तारांनीं ह्या कळेस जोडावयाचीं. मग बाहेरून चुंबक फिरवितांच आंत दिवा लागतो. पाइपाच्या अंगास एकहि भोंक पडत नाहीं.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत, पण काम बहुधा त्यांतच बिघडतें. आट्यांनीं पाणी अडत नाहीं. तें अडतें झांकणाखालील रबरी कड्यानें. त्या कड्यास सिलिकोनचें वंगण बोटाच्या टोकाएवढेंच लावावें. व्हॅसलीन कांहीं जातींच्या रबरास फुगवितें, म्हणून तें वर्ज्य. व्हिनेगारसारखा वास येणारें सिलिकोन लुकण वापरल्यास तो वास पुरा जाईपर्यंत आंत विजेचें सामान ठेवूं नये, कारण त्या वाफेनें तांबें गंजतें. एवढी नळी सुमारें पाऊण ते एक लिटर पाणी बाजूस सारते, म्हणून तितकें वजन तिच्या पोटीं नसेल तर ती बुचासारखी तरंगते. जाळ्यास लावतात तीं शिशाचीं वजनें ह्या कामीं चांगलीं. चपलांच्या खोक्यांत येणारी सिलिका जेलची पुडी आंत टाकली, म्हणजे खिडकीवर दंव धरत नाहीं. आणि नळी उन्हांत तापलेली असतां एकदम पाण्यांत घालूं नये. आंतील हवा ४५ अंशांवरून २७ अंशांवर आली, तर तिचा दाब इतका उतरतो, कीं नळी अर्ध्या मीटरहून अधिक खोल नेल्याप्रमाणें ती बाहेरचें पाणी आंत ओढूं पाहते.

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं हें सारें आम्हीं मुलांस शिकविलें. खरें पाहतां, ह्यांतील सर्वांत मोठा धडा मुलांनीं आम्हांस शिकविला. आणि तो सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

पहिली नळी आम्हीं स्वतः मुलांबरोबर केली होती. खिडकी चिकटविण्याचें काम नाजूक, म्हणून तें आम्हीं आपल्याकडे घेतलें. झांकण लावण्याचें काम कोळीवाड्यांतील एका मुलाकडे होतें. पहिल्याच ओहोटीस नळींत खारें पाणी शिरलें. सेलांवर हिरवट बुरशीसारखें किटण चढलें, आणि दोन्ही दांड्या फुकट गेल्या. दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं त्या मुलास बोल लाविला. झांकणाच्या कडेस वाळूचा कण राहिला असेल, तूं पुसलें नसशील, असें सर्वांदेखत म्हटलें. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. शाळा सुटल्यावर मात्र तो जवळ येऊन म्हणाला, “सर, रिकामी नळी एकदां बुडवून बघूं का?”

त्यानें नळी धुऊन सुकविली. आंत दोन्ही टोकांस टिपकागदाची एकेक पट्टी ठेविली, मध्यें दगड घातले, आणि ती रात्रभर बादलींत बुडवून ठेविली. सकाळीं उघडून पाहतों, तों झांकणाकडील पट्टी कोरडी, व खिडकीकडील ओली. दोष त्याच्या हाताचा नव्हता. आमच्या हाताचा होता. लुकण पुरें वाळण्यास एक दिवस व एक रात्र लागते, हें त्याच्या वेष्टणावर छापलेलें असतां आम्हीं घाई केली होती. त्याच दिवशीं ज्या वर्गापुढें त्यास बोल लाविला, त्याच वर्गापुढें आम्हीं त्याची क्षमा मागितली. पुढची खिडकी त्यानेंच बसविली, आणि मेजावर ठेविलेली ती नळी तीच होय.

विद्यार्थिमित्रहो, ह्या गोष्टीचा विचार करा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत शिक्षकाचा शब्द अखेरचा असतो. पाण्याचें तसें नाहीं. तें शिक्षकाची पदवी पाहत नाहीं, मुलाचें आडनांव पाहत नाहीं, व कोणाच्या सांगण्यावरून निकाल बदलीत नाहीं. दुकानांतून आणलेली तयार वस्तु गळली, तर दोष दुकानदाराचा म्हणून आपण मोकळे होतों. आपण केलेली वस्तु गळली, तर आपणांस शोधावें लागतें, कीं पाणी नेमकें कोठून आलें. आणि शोधतांना दुसऱ्यावर ढकललेला दोष कधीं कधीं आपल्याच दारीं परत येतो. ही संवय दोन धड्यांपेक्षां कमी मोलाची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून ज्यांस ही नळी करावयाची असेल, त्यांनीं परीक्षेचा क्रम सोडूं नये. प्रथम रिकामी नळी टिपकागद घालून रात्रभर बादलींत ठेवावी. मग ती दोरीस बांधून वाडींतील विहिरींत ५ मीटरपर्यंत सोडावी. तेथें खिडकीवर सुमारें १९ किलोग्रॅम भार पडतो, व उथळ खळग्यांसाठीं केलेली नळी त्यांतून पार पडली, तर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं. त्यानंतरच दांड्या आंत बसवाव्या. समुद्रावरून आल्यावर उघडण्यापूर्वीं ती गोड्या पाण्यानें धुऊन पुसावी, व तोंड खालीं करून उघडावी, म्हणजे आट्यांतील थेंब आंत पडत नाहीं.

आतां ज्या एका गोष्टींत आम्ही पालकांहूनहि अधिक काळजी करतों, तिजकडे येतों. ती गोष्ट डोळ्यांची. पहिला लेझर थिओडोर मैमान ह्यानें १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत प्रज्वलित केला. आज तो जत्रेंतील खेळण्यांच्या दुकानींहि मिळतो. वस्तु स्वस्त झाली, म्हणून ती निरुपद्रवी झाली असें नाहीं. बाह्यतः नखाएवढा दिसणारा हा ठिपका डोळ्यांत शिरला, तर भिंगानें एकवटून नेत्रपटलाच्या अगदीं सूक्ष्म जागीं पडतो, व प्रखर किरणानें झालेली तेथील इजा भरून येईलच असें नाहीं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें दुसऱ्या वर्गाच्या लेझरची शक्ति १ मिलिवॅटच्या आंत असते. तेवढ्या किरणापासून पापणीची सहज मिटण्याची क्रिया डोळ्याचें रक्षण करते. परंतु वेष्टणावरील आंकड्यावर विसंबून चालत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेनें १२२ लेझर-दांड्या तपासून २०१३ सालीं असें जाहीर केलें, कीं हिरव्यांपैकीं सुमारें ९० टक्के व तांबड्यांपैकीं सुमारें ४४ टक्के दांड्या तेथील सुरक्षिततेच्या नियमांत बसत नव्हत्या. कित्येक स्वस्त हिरव्या दांड्यांतून डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाशहि निसटतो, आणि जें दिसत नाहीं त्यापुढें पापणी मिटत नाहीं.

मुलें म्हणतात, “सर, हिरवा पाण्यांत लांब जातो.” तें खरें आहे. अगदीं शुद्ध पाण्यांत तांबडा किरण सुमारें २ मीटरांत निम्मा होतो, तर हिरवा निम्मा होण्यास सुमारें १५ मीटर लागतात. परंतु आपणांस १५ मीटर जावयाचें आहे काय? आपला खळगा गुडघ्याएवढा. त्यास १ मिलिवॅटच्या आंतील तांबडा किरण पुरेसा आहे. आणि मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या मंद उजेडांत येत असल्यामुळें त्याचे ठिपकेहि स्पष्ट दिसतात. कामास जेवढें पुरे तेवढेंच साधन घ्यावें, हा ह्या साऱ्या रचनेचा पहिला नियम समजावा. दुसरा नियम, किरण नेहमीं वरून खालीं सोडावा. पाण्याच्या आंतून तिरपा वर गेलेला किरण पृष्ठभागावरून आरशाप्रमाणें परावृत्त होऊन भलतीकडे जातो. तिसरा, वेष्टणावर कांहींहि लिहिलेलें असो, कोणाच्या तोंडावर, जनावरावर, वाहनावर, विमानावर किंवा होडीवर किरण रोखूं नये. रात्रीं समुद्रावर होडीच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो, व त्यांवरून समोरचा नाखवा तिची दिशा ओळखतो. ज्या किनाऱ्यावर घरोघरीं कोणी ना कोणी दर्यावर असतो, तेथें चेष्टेनें नाचविलेला रंगीत ठिपका ही चेष्टा राहत नाहीं.

कोणी असाहि आक्षेप घेईल, कीं मुलांच्या हातीं बारीक काम साधत नाहीं. त्यांस आम्ही आपल्याच भागांतील घरांकडे पाहण्यास सांगूं. वाढवण, वरोर, चिंचणीच्या बाजूस कित्येक कुटुंबें सोन्याच्या दागिन्यांचे पोलादी साचे कोरण्याचा, म्हणजे डाय-मेकिंगचा, धंदा घरीं बसून करतात. केसाएवढी रेघ पोलादांत उठविणाऱ्यांचीं मुलें आमच्या वर्गांत बसतात. जाळें विणणाऱ्यांचीं व होडीच्या फटी बुजविणाऱ्यांचीं मुलेंहि बसतात. पाणी कसें अडवावें, हें ज्ञान त्यांच्या घरीं पिढ्यानुपिढ्या आहे. शाळेनें त्यास आपल्या दारांत प्रवेश द्यावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां शेवटची गोष्ट. वाढवणचा किनारा आजच मोजण्याची घाई कां, असें विचारलें जाईल. ह्याचें उत्तर साऱ्या तालुक्यास ठाऊक आहे. येथें बंदर बांधण्याची योजना डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें १९९८ सालीं नाकारली होती. त्याच प्राधिकरणानें ३१ जुलै २०२३ रोजीं नव्या योजनेस अटींसह संमति दिली. केंद्रीय मंत्रिमंडळानें १९ जून २०२४ रोजीं ७६,२२० कोटी रुपयांच्या ह्या बंदरास मंजुरी दिली, व ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पायाभरणी झाली. योजनेप्रमाणें सुमारें १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करावयाची आहे, व १० किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध घालावयाचा आहे. बंदर व्हावें कीं न व्हावें, ह्याविषयीं आमच्या वर्गांतील मुलांच्या घरींहि एकमत नाहीं. कोणास मासेमारीची चिंता, तर कोणास नोकरीची आशा. तो वाद ह्या पानांत सोडविण्याचा आमचा अधिकार नाहीं.

परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. जें कधीं मोजलेंच नाहीं, तें गेलें असें उद्यां कोणास सिद्ध करतां येणार नाहीं. आणि तें राहिलें, असेंहि सिद्ध करतां येणार नाहीं. मोठमोठ्या संस्थांचे अहवाल होतात, व ते आवश्यकहि आहेत. तथापि त्याच खळग्याकडे, त्याच ओहोटीस, महिन्यामागून महिना जाणें हें त्या गांवच्या मुलासच शक्य आहे. तारीख, ओहोटीची वेळ, खळग्याची जागा, जीवाचें नांव, त्याचें माप, एवढे पांच रकाने ज्या वहींत दहा वर्षें प्रामाणिकपणें भरले जातील, ती वही कोणत्याहि भाषणापेक्षां अधिक बोलेल. आणि तिच्यांतील माप खरें असावयाचें, तर तें घेणारी नळी खरी असली पाहिजे. कवचाच्या कडेवरील वाळूच्या एका कणाचा संबंध अशा रीतीनें साऱ्या किनाऱ्याशीं पोहोंचतो.

त्या पालकांस आमची एक विनंती आहे. येत्या अमावास्येच्या ओहोटीस मुलांबरोबर आम्ही वाढवणास जाणार आहों. भरती वळण्याच्या आधीं परत फिरावयाचें, व कोळीवाड्यांतील एक जाणता गृहस्थ बरोबर असल्याशिवाय कोणीहि खडकावर उतरावयाचें नाहीं, असा आमचा नियम आहे. आपण अवश्य यावें. नळी हातीं घेऊन झांकण आपणच लावावें. लावण्यापूर्वीं कड पुसण्यास मात्र आपला मुलगा आपणांस सांगेल, व तें पुसलें कीं नाहीं, हेंहि तो पाहील. त्या क्षणीं आपणांस दिसेल, कीं त्याचे पांच रविवार कोठें गेले.